तापट कुत्रा पाळताय? मग महापालिका, सोसायटी आणि पोलीस या तिघांचं हे सांभाळा

"काही करत नाही हो आमचा" हे वाक्य ज्यांना दिवसातून चारदा म्हणावं लागतं त्यांच्यासाठी हे लिहितोय. म्हणजे रॉटवायलर, पिटबुल, डॉबरमन, जर्मन शेफर्डवाले तर आलेच, पण लिफ्टमधे कोणी शिरलं की गुरगुरणारा लॅब्रॅडोर, पार्सलवाल्याच्या पायाला लागणारा बीगल आणि रस्त्यावरून उचलून आणलेला, अनोळखी पुरुष दिसला की अंगावर जाणारा गावठी, हे सगळे पण यात आले. मी पुणे-मुंबईच्या हिशोबाने लिहितोय, तुम्ही नाशिक, नागपूर, कोल्हापूरला असाल तर फी आणि फॉर्म बदलेल, फौजदारी कायदा तोच आहे.

सगळ्यात आधी तो बंदीचा घोळ मिटवू कारण सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी कोणीतरी तो जुना मेसेज फिरवतंच. १२ मार्च २०२४ ला केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना एक पत्र पाठवलं होतं, २३ जातींची यादी, यांची आयात, ब्रीडिंग, विक्री बंद करा, लायसन्स देऊ नका आणि ज्यांच्याकडे आधीच आहेत त्यांनी नसबंदी करून घ्यावी असं. त्यात पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो, अकिता, डोगो अर्जेंटिनो वगैरे होते आणि एका ठिकाणी तर नुसतंच "टेरियर" लिहिलं होतं, म्हणजे तसं बघितलं तर मांडीवर बसणारा यॉर्कशायर टेरियर पण त्यात! गंमत म्हणजे जर्मन शेफर्ड आणि डॉबरमन त्या यादीत नव्हतेच. ते पत्र टिकलं नाही, एप्रिल २०२४ मधे आधी कर्नाटक हायकोर्टाने आणि मग आठवड्याभरात दिल्ली हायकोर्टाने ते रद्द केलं, मुख्य मुद्दा हा की लोकांचं, संबंधितांचं म्हणणं न ऐकताच हे केलंय. त्यामुळे त्या पत्राच्या जोरावर सेक्रेटरी तुम्हाला "कुत्रा काढा" म्हणत असेल तर त्याला शांतपणे हे सांगा.

पण म्हणून सगळीकडे मोकळं रान आहे असं नाही हां. काही शहरांनी स्वतःपुरते नियम केलेत, कानपूर आणि गाझियाबादने २०२२ मधेच पिटबुल-रॉटवायलरवर बंदी घातली होती. गोव्यात हणजुण्याला ऑगस्ट २०२४ मधे सात वर्षांचा मुलगा पिटबुलच्या हल्ल्यात गेला, त्यानंतर तिथल्या विधानसभेने २०२५ मधे आक्रमक जातींना आवर घालायचं बिल पास केलं. तेव्हा सुट्टीत कुत्र्याला घेऊन गोव्याला निघायच्या आधी, किंवा तिकडे फ्लॅट घेऊन शिफ्ट व्हायच्या आधी, तिथला त्या दिवसाचा नियम पंचायतीत किंवा तिथल्याच वेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे, विचारून घ्या. व्हॉट्सॲपवर नाही.

आणि तो सुप्रीम कोर्टाचा ऑगस्ट २०२५ चा गाजलेला आदेश भटक्या कुत्र्यांबद्दल होता, तुमच्या घरातल्या कुत्र्याचा त्याच्याशी संबंध नाही. दोन्ही गोष्टी एकत्र करून भांडणारे भेटतात, दोन्ही बाजूंनी.

कायदा नक्की काय विचारतो

आता मुख्य गोष्ट. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि तिचं कलम २९१ आपल्यासाठी आहे. आधी आयपीसीत हेच २८९ होतं. त्याचा अर्थ सोप्या मराठीत असा की तुमच्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा व्हायची शक्यता असेल, आणि ती टाळायला पुरेशी काळजी तुम्ही घेतली नाही, मग ते माहीत असून असो किंवा निष्काळजीपणाने, तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या कायद्यात दंड हजारच होता. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस थेट एफआयआर घेऊ शकतात, फक्त जामीन मिळतो. चावा बसून इजा झाली तर सोबत कलम १२५ पण लागतं, साध्या इजेला ६ महिने, गंभीर इजेला ३ वर्षांपर्यंत. आणि देव न करो कोणी दगावलं तर निष्काळजीपणाने मृत्यूचं कलम १०६, ५ वर्षांपर्यंत. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा वेगळाच.

यात दोन शब्द नीट बघा. एक "ताब्यातल्या". मालक म्हणून लायसन्सवर नाव कोणाचं आहे एवढ्यावर हे थांबत नाही, त्या वेळी कुत्रा कोणाच्या हातात होता हे पण बघितलं जातं. म्हणजे तुम्ही पंचेचाळीस किलोचा रॉटवायलर सातवीतल्या मुलीच्या हातात दिला किंवा कामवाल्या मावशींना "जरा खाली फिरवून आणा" म्हणालात तर तुम्ही त्यांना पण अडकवताय आणि स्वतःला पण, कारण ज्याला तो आवरणार नाही त्याच्या हातात देणं हाच निष्काळजीपणा झाला. डॉग वॉकर ठेवला असेल तर त्याला कुत्र्याच्या सवयी लेखी द्या, मेसेजवर दिल्या तरी चालेल पण द्या.

दुसरा शब्द "शक्यता". कुत्रा आधी कोणाला चावला असेल, किंवा अंगावर गेला असेल, आणि ते सोसायटीत सगळ्यांना माहीत असेल, तर दुसऱ्या वेळी "मला कल्पनाच नव्हती" हे कोर्टात चालायचं नाही. पहिल्या चाव्यानंतर तुमची जबाबदारी वाढते हे डोक्यात पक्कं बसू द्या. गेटवर "कुत्र्यापासून सावध" पाटी लावली म्हणजे सुटलो असं पण समजू नका, उलट समोरचा वकील म्हणेल की बघा, यांना माहीत होतं.

आणि जातीचं काय? मुंबईतल्या तीनच केसेस सांगतो. एक २०१० ची, नेपियन्सी रोडवर रॉटवायलर एका ७२ वर्षांच्या माणसाला चावला, मालकाला गिरगावच्या कोर्टाने २०२३ मधे ३ महिन्यांची शिक्षा दिली. तेरा वर्षं चालली केस! दुसरी वरळीची, २०१८ मधे एक जण आपला कुत्रा घेऊन लिफ्टमधे आला, आत शेजारी लहान मुलाला घेऊन उभा होता, मूल कुत्र्याला घाबरतं म्हणून जरा थांबा म्हणाला, याने ऐकलं नाही, कुत्र्याला ओढत आत घेतलं आणि तो शेजाऱ्याच्या हाताला चावला. मे २०२५ मधे ४ महिने सक्तमजुरी. तो कुत्रा कोणता होता माहितीये का? हस्की. २३ च्या यादीत पण नाही, कोणाच्याच भीतीच्या यादीत नाही. एका लिफ्टची वाट न बघितल्याची किंमत आहे ही. जुलै २०२५ मधे मानखुर्दला पार्क केलेल्या रिक्षात अकरा वर्षांच्या मुलावर पिटबुल गेला आणि मालक हसत बसलेला व्हिडिओत दिसला, तिथे पण हीच २९१ आणि १२५ लावली.

कागदं, एकदाच करून टाका

लायसन्स. निम्म्या लोकांनी काढलेलं नसतं, मला याचं खरंच नवल वाटतं कारण फी एका ग्रूमिंगपेक्षा कमी असते. मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्याखाली पाळीव कुत्र्याला लायसन्स लागतं, पुण्यात महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाकडे नोंदणी करायची, दोन्हीकडे ऑनलाइन अर्ज होतो. साधारण आधार, पत्त्याचा पुरावा, कुत्र्याचा फोटो आणि रेबीजच्या लसीचं चालू सर्टिफिकेट एवढंच लागतं. रिन्यू करायला विसरू नका, दरवर्षी रेबीजचा डोस आला की त्याच आठवड्यात लायसन्स बघायचं अशी सवय लावा म्हणजे दोन तारखा लक्षात ठेवाव्या लागत नाहीत.

लसीच्या पुस्तकात नुसती तारीख नको, लसीचा स्टिकर लागलेला पाहिजे आणि डॉक्टरचा सही-शिक्का रजिस्ट्रेशन नंबरसकट. घरी येऊन इंजेक्शन देऊन जाणारा जो कोणी असतो ना, तो खरंच व्हेटरनरी डॉक्टर आहे का हे बघा, चावा झाल्यावर पहिला प्रश्न "रेबीज झालंय का" हाच येतो आणि तेव्हा शिक्का नसलेलं पुस्तक दाखवून काही उपयोग नाही. पिल्लाला पहिला रेबीज डोस साधारण तीन महिन्याला, मग डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर, मग दरवर्षी.

मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवतात ती ओळखीची चिप, बसवून घ्या. नसबंदीबद्दल वेटशी बोला, मोठ्या जातीत थोडं थांबून करा असं बरेच डॉक्टर सांगतात, पण हे पण ऐकून ठेवा की नसबंदीने पळून जाणं, दुसऱ्या नरांशी मारामाऱ्या हे कमी होऊ शकतं, भीतीपोटी चावणारा कुत्रा त्याने गुणी बाळ होत नाही.

पिल्लू अजून घ्यायचंय अशांसाठी एक ओळ, २०१७ च्या डॉग ब्रीडिंग नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायलाच बंदी आहे आणि ब्रीडरची नोंदणी लागते. पस्तीस दिवसांचं पिल्लू "आत्ताच घ्या, लळा लागतो" म्हणून देणाऱ्याकडून घेऊ नका, आईपासून, भावंडांपासून लवकर तोडलेल्या पिल्लाला चावताना जोर किती लावायचा हेच शिकायला मिळत नाही आणि पुढे तुमचाच हात सोलून निघतो.

अजून एक, पाळीव कुत्र्याच्या इन्शुरन्समधे थर्ड पार्टी लायबिलिटी नावाचं कव्हर मिळतं, म्हणजे तुमच्या कुत्र्याने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याची भरपाई. तापट कुत्रा असेल तर हे घ्या. पॉलिसीत कुठल्या जाती वगळल्यात ते मात्र आधी वाचा, एजंट सांगणार नाही.

सोसायटी

इथे दोन्ही पार्ट्या आपापला अर्धाच कायदा वाचून येतात. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची २०१५ ची गाइडलाइन आहे, त्यात सोसायटीला सांगितलंय की पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव करून पण नाही, अमुक जात किंवा अमुक साइज चालणार नाही असं म्हणता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, लिफ्ट वापरायचे वेगळे पैसे लावता येत नाहीत, भुंकतो म्हणून काढायला लावता येत नाही. मझल, म्हणजे चावू नये म्हणून तोंडाला लावतात ती जाळी, सक्तीची करता येत नाही हे पण त्यात आहे. हे सगळं श्वानप्रेमी मंडळींना पाठ असतं. त्याच गाइडलाइनमधे पट्टा (लीश) बांधून फिरवा, शेजाऱ्यांना त्रास होऊ देऊ नका, घाण उचला, आणि निष्काळजीपणा केलात तर शिक्षेचा कायदा आधीच आहे, हे पण लिहिलंय. ते पान मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

माझं मत विचाराल तर सोसायटी सक्ती करू शकत नाही तिथे तुम्ही स्वतःहून करा आणि लेखी कळवा. कमिटीला एक साधं पत्र द्या, कुत्र्याचं नाव, लायसन्स नंबर, रेबीजची तारीख, फिरवायच्या वेळा, आणि "सामायिक जागेत कायम लीशवर आणि लिफ्टमधे मझल लावून नेऊ" एवढं. पोचपावती घ्या. याने दोन गोष्टी होतात, एक तर जोशी काकूंची भीती निम्मी कमी होते कारण कोणीतरी त्यांची दखल घेतली, आणि दुसरं म्हणजे उद्या काही झालं तर तुम्ही काळजी घेत होता याचा तुमच्याकडे कागद असतो. आता पत्र देऊन मग तसं वागायचं नसेल तर देऊच नका, कारण तोच कागद तुमच्या विरोधात जाईल.

एजीएममधे कुत्र्याचा विषय आला की बोर्डाची गाइडलाइन मोठ्याने वाचून दाखवायचा मोह होतो. नका करू, किंवा शेवटी करा. आधी विचारा की नक्की त्रास काय होतोय. दहात सात वेळा उत्तर शी-शू, सकाळचं भुंकणं आणि लिफ्ट यातलंच निघतं आणि तिन्हीला उपाय आहे. भाड्याने राहत असाल तर लिव्ह अँड लायसन्स ॲग्रीमेंटमधे कुत्रा असल्याचं लिहून घ्या, घरमालकाशी तोंडी बोलणं झालंय म्हणून अवलंबून राहू नका, अकरा महिन्यांनी त्याला ते आठवत नाही.

कोणी तुमच्या कुत्र्याला दगड मारतोय, विष घालायची धमकी देतोय तर तो पण गुन्हाच आहे, प्राण्याला मारणं किंवा जायबंदी करणं याला न्याय संहितेच्या कलम ३२५ मधे ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. धमकीचा मेसेज स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि पोलिसात द्या, ग्रुपवर उत्तर देत बसू नका.

लिफ्ट, जिना, गेट

चावे बागेत कमी होतात हो, ते अरुंद जागेत होतात. लिफ्टचं दार उघडतं, समोर कोणीतरी हातात पिशव्या घेऊन उभं, कुत्र्याला मागे जायला जागा नाही, तुम्ही घाबरून लीश खेचता, लीश ताणली की कुत्र्याला वाटतं गडबड आहे. एवढं सगळं दोन सेकंदात होतं.

म्हणून क्रम ठरवून टाका. घरातून निघायच्या आधी मझल आणि लीश घरातच लावायची, दार उघडून पॅसेजमधे नाही. आधी स्वतः बाहेर डोकवायचं. लिफ्ट आली आणि आत एक जरी माणूस असेल तर "तुम्ही जा, मी नंतर येतो", तो माणूस "या हो, काही नाही" म्हणाला तरी. आत गेल्यावर कुत्रा कोपऱ्यात, तुम्ही त्याच्या आणि दाराच्या मधे, लीश आखूड पण ढिली. मधल्या मजल्यावर लिफ्ट थांबली आणि कोणी उभं असेल तर हात आडवा करून "पुढची घ्या प्लीज". वाईट दिसतं, दिसू दे. चौथ्या मजल्यापर्यंत राहत असाल आणि कुत्र्याचे सांधे बरे असतील तर सरळ जिन्याने जा, वळणावर मात्र आधी आवाज द्या.

लीश चार ते सहा फुटांची, जाड, साधी. ती बटण दाबून लांब होणारी लीश असल्या कुत्र्याला अजिबात नको, पंधरा फुटावर गेलेला रॉटवायलर त्या बारीक दोरीने परत येत नाही आणि तुमच्या बोटाची कातडी जाते ती वेगळीच. ताकदवान कुत्र्याला दोन ठिकाणी बांधा, हार्नेसला एक आणि गळ्यातल्या मार्टिंगेल कॉलरला (ओढलं की ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळणारी कॉलर) एक, म्हणजे एक हुक तुटला तरी दुसरा आहे. हुक महिन्यातून एकदा नीट बघा, मुंबईच्या दमट हवेत स्वस्तातले हुक आतून गंजतात आणि वरून चकचकीत दिसतात, स्प्रिंग दाबून बघितली की कळतं, किरकिर आवाज आला किंवा अर्धवट परत आली तर फेकून द्या.

मझलबद्दल जरा जास्त लिहितो कारण बहुतेक लोक चुकीची घेतात. कापडी किंवा नायलॉनची जी तोंड आवळून धरते ती फिरायला जायची नाहीच, ती वेटकडे नखं कापायच्या पाच मिनिटांपुरती. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकून अंग थंड करतो, तोंडच बंद केलंत तर एप्रिलच्या उन्हात तो कोसळेल. बास्केट मझल घ्या, जाळीची, आत तोंड पूर्ण उघडता आलं पाहिजे, पाणी पिता आलं पाहिजे, जाळीतून खाऊ देता आला पाहिजे. नाकाच्या टोकापुढे थोडी जागा हवी आणि डोळ्यांना कड लागता कामा नये. दुकानात कुत्र्याला नेऊन मापाने घ्या.

आणि आणल्या आणल्या बांधू नका. जाळीच्या आत टोकाला चक्का नाहीतर पनीर लावा आणि मझल नुसती हातात धरा, तो स्वतः तोंड घालून चाटेल. तोंड त्याने घालायचं, तुम्ही मझल त्याच्यावर चढवायची नाही, सगळी मेख यात आहे. दोन-चार दिवस एवढंच. मग चाटत असताना मागचा पट्टा नुसता मानेवर टेकवायचा, मग एक क्षण लावून लगेच काढायचा, मग अर्धा मिनिट, मग घरात एक फेरी. पंजाने ओढायला लागला तर तुम्ही घाई केलीत, एक पायरी मागे या. दोन-तीन आठवड्यात बरेच कुत्रे मझल दिसली की शेपूट हलवतात कारण त्यांच्या लेखी ते पनीरचं भांडं असतं. फक्त बाहेर कोणीतरी "अगंबाई, किती क्रूर" म्हणणारच, त्यांना हसून नमस्कार करा.

मोकळं सोडायचंच नाही, पहाटे पाचला पण नाही, "कोणी नसतं तेव्हा" पण नाही. वॉकला येणारे आजोबा पहाटेच येतात. पळवायचं असेल तर कुंपण असलेली भाड्याची जागा, फार्म वगैरे बघा, नाहीतर मोकळ्या मैदानात तीस फुटांची साधी लाँग लाइन लावा.

त्याचा अर्थ दिवसभर बाल्कनीत साखळीला बांधून ठेवा असाही नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात अवाजवी आखूड किंवा जड साखळीला बांधून ठेवणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं हे दोन्ही गुन्हे आहेत. दंड आजही पहिल्या वेळी दहा ते पन्नास रुपये आहे, हसू येतं, पण खरा दंड वेगळाच आहे, बांधून ठेवलेला कुत्रा चिडका होतो आणि ज्या दिवशी सुटतो त्या दिवशी कोणाला तरी धरतो.

घराचं दार

फ्लॅटला बेबी गेट किंवा जाळीचं दुसरं दार बसवा. एवढा एक खर्च करा, बाकी ट्रेनिंग नंतर. पार्सलवाला बेल वाजवतो, तुम्ही दार उघडता, कुत्रा तुमच्या पायातून बाहेर, आणि तो पोरगा जीव वाचवायला जिन्यावरून पळतो, असे प्रकार होतात आणि त्यात पडून लागलं तरी जबाबदार तुम्हीच. डिलिव्हरीच्या सूचनेत "घरात कुत्रा आहे, पार्सल वॉचमनकडे ठेवा" लिहून टाका. गॅसवाला, मीटर रीडिंगवाला, पेस्ट कंट्रोल आला की कुत्रा आतल्या खोलीत आणि कडी लावलेली, नुसतं दार लोटलेलं नको.

घरात येणाऱ्या मावशींना दोन नियम सांगा, तो खात असताना आणि झोपलेला असताना जवळ जायचं नाही, आणि त्याने चप्पल-पोछा काही पळवलं तर ओढायचं नाही, तुम्हाला हाक मारायची. पाहुण्यांची लहान मुलं आली की तुम्ही समोर बसलेला असाल तरच कुत्रा बाहेर, नाहीतर नाही. गणपतीत, दिवाळीत, लग्नाच्या वरातीत, ढोल आणि फटाके सुरू व्हायच्या आधीच वॉक उरकून घ्या, घाबरलेला कुत्रा घरच्यांना पण ओळखत नाही.

एवढं करून चावलाच तर

भांडण नंतर. आधी कुत्रा घरात बंद करा. मग जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची, घड्याळ लावून, हळद-चुना-कॉफी काही भरायचं नाही. त्या माणसाला तुम्ही स्वतः दवाखान्यात घेऊन जा, लसीचं पुस्तक सोबत घ्या. "आमच्याला इंजेक्शन झालंय, तुम्हाला गरज नाही" असं चुकूनही म्हणू नका, ते डॉक्टर ठरवतील. कातडी फुटून रक्त आलं असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन) पण लागतं आणि ते जखमेतच द्यायचं असतं. सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यात रेबीजची लस मोफत मिळते. कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवायचं, तो दहाव्या दिवशी ठणठणीत असेल तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरतात, पण समोरच्याची लस त्यासाठी थांबवून ठेवायची नाही, पहिल्या दिवशीच सुरू. या दहा दिवसात कुत्र्याला गावाला पाठवू नका, फार्महाऊसवर लपवू नका, तसं केलंत तर सगळ्यांना तुमच्यावर संशय घ्यायला मोकळीक.

खर्च तुम्ही द्या, आणि दिलेला ऑनलाइन द्या म्हणजे नोंद राहते. माफी मागायला लाज वाटायचं कारण नाही. सोसायटीच्या कॅमेऱ्याचं फुटेज त्याच दिवशी मागून घ्या, काही दिवसांनी ते पुसलं जातं, मग ते तुमच्या बाजूचं असो वा विरुद्ध. पोलिसांचा फोन आला तर लायसन्स, पुस्तक, कमिटीला दिलेलं ते पत्र, सगळं घेऊन जा आणि वकिलाशी बोलून जबाब द्या. मग वेटकडे कुत्र्याची तपासणी, कारण अचानक चावायला लागलेल्या कुत्र्याला बरेचदा कुठेतरी दुखत असतं, कान, दात, कंबर. त्यातून काही निघालं नाही तर बिहेवियर बघणारा ट्रेनर शोधा, आणि जो "दोन दिवसात सरळ करतो" म्हणून काठी नाहीतर शॉकचा पट्टा काढेल त्याला दारातूनच परत पाठवा, मार खाऊन गुरगुरणं बंद झालेला कुत्रा पुढच्या वेळी न गुरगुरता चावतो.

परदेशी बदली झाली तर

आयटीवाल्यांसाठी थोडक्यात. यूकेत पिटबुल, टोसा, डोगो अर्जेंटिनो, फिला ब्राझिलेरो यांच्यावर १९९१ च्या कायद्यापासून बंदी आहे आणि आता त्यात एक्सएल बुली पण घातलाय. जर्मनीत पिटबुल, ॲमस्टाफ (अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर), स्टॅफर्डशायर बुल टेरियर आणि बुल टेरियर कायमचे आणता येत नाहीत, बाकी जातींचे नियम तिथे राज्याराज्यात वेगळे. तिथे जात खरंच बघतात, कागदावर "मिक्स" लिहून आणलं तरी दिसण्यावरून धरतात. तिकीट काढायच्या आधी हे बघा, पोचल्यावर नाही.

आणि झेपतच नसेल तर रस्त्यावर सोडू नका, तो पण गुन्हा आहे, कुत्र्याचे हाल होतात ते वेगळेच. अनुभवी माणूस शोधून द्या आणि देताना खरं सांगा, कोणाला चावला, कधी, कशावरून चिडतो, कोणत्या औषधावर आहे. हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या, महापालिकेला कळवून तुमच्या नावाचं लायसन्स बंद करा, चिपच्या रेकॉर्डला नवीन मालकाचा नंबर घाला, मझल आणि दोन्ही लीश त्याच्याकडेच द्या, त्या सवयीच्या असतात.